नल्लमलात बोललेलं

माझ्या तोंडाला लगाम नाही, हे मला आईनं सांगून झालं, सासूनं सांगून झालं, आणि आमचे हे तर भर दुकानात गिऱ्हाइकांसमोर सांगायचे. मी कधी मनावर घेतलं नाही. मनात एक आणि तोंडात एक असल्या बायका मला आवडत नाहीत, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगत आले. परवा जंगलातून बाहेर आल्यापासून मात्र मला हे वाक्य म्हणवत नाही.

आमचं सुलतान बाजारात साड्यांचं दुकान होतं. हे गल्ल्यावर, मी गादीवर. समोर बाई बसलेली, तिच्यापुढं साड्यांचा ढीग, आणि मी तोंडभर हसून म्हणणार, "देखो अम्मा, आराम से देखो," आणि त्याच दमात ह्यांना मराठीत, "ही काही घेत नाही हो. उगं घड्या मोडायला आलीय. नव्या काढू नका." बाईला वाटायचं, नवरा-बायकोचं घरातलं काही चाललंय. आमच्याकडची सगळी मराठी दुकानं अशीच चालायची. हैदराबादेत तेलुगु सगळ्यांना कळते, उर्दू-हिंदी तर विचारूच नका, मग चारचौघांत आपलं खाजगी बोलायला उरलं काय? मराठी! तोंडावर हिंदीत गोड बोलायचं आणि खरं काय ते मराठीत. हे गेले, दुकान विकलं, सवय तेवढी राहिली.

सून तेलुगु आली तेव्हा ती सवय दुकानातून घरात आली.

सिरीषा माझ्या मुलाच्या, पुष्करच्या ऑफिसातली. लग्नाला सात वर्षं झाली. पहिल्या दिवसापासून मी तिच्याशी आपल्या हैदराबादी हिंदीत बोलते आणि तिच्याबद्दल मराठीत. ती मला अत्तम्मा म्हणते, तेलुगुत सासूबाई. कामाला वाघ, कधी उलट उत्तर नाही. पण सासूच मी, मला काही ना काही खुपायचंच. खुपलं की लगेच राणीला फोन. राणी माझी धाकटी बहीण, नांदेडला असते. सिरीषा तिथंच कणीक मळत असली तरी माझं सुरू. राणी म्हणायची, "अक्का, हळू बोल, ती असेल तिथं." मी म्हणायची, "असू दे की. तिला काय कळतंय!"

दोन वर्षांपूर्वी तिच्या वडिलांना लकवा झाला. तिला आई नाही, भाऊ-बहीण नाही. दोघं उप्पलला तिच्या वडिलांच्या घरी राहायला गेले, थोड्या दिवसांसाठी म्हणून. ते थोडे दिवस काही संपेनात. मी काचीगुड्याच्या फ्लॅटमध्ये एकटी, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे भोंगे ऐकत. पुष्कर रविवारी येतो, भाजी आणून टाकतो, गॅस बघतो, घड्याळ बघतो आणि जातो. कधी सिरीषाही येते, पोळ्या लाटून ठेवते. खरं सांगते, घर खायला उठतं. मला माझा मुलगा घरात परत हवा होता, आणि मधे होता खाटेवरचा एक म्हातारा. माझ्या मनात एवढंच होतं, आणि ते मी कुणापासून लपवतही नव्हते. मराठीत तरी नव्हते.

माझी साठी झाली म्हणून पुष्करनं गाडीनं लांबचा दौरा काढला. नल्लमलाचं जंगल, श्रीशैलम, अहोबिलम, तिरुपती, तिथून पुढं पाँडिचेरीपर्यंत. तो, सिरीषा, मी, आणि मला बोलायला कुणीतरी हवं म्हणून नांदेडहून राणी. वडिलांजवळ सिरीषानं रात्रंदिवसाचा एक माणूस ठेवला होता. लकव्यानंतर पहिल्यांदाच ती त्यांना सोडून गावाबाहेर निघाली होती. गाडी चहाला थांबली की हिचा फोन सुरू. औषध दिलं का, ताक प्यायले का, पाय चोळले का. मी राणीकडे बघून डोळे फिरवायची आणि राणी तोंडाला पदर लावायची.

दुसरा दिवस जंगलात पायी फिरायचा होता. मन्ननूरच्या पुढं रात्रीपुरत्या खोल्या घेतल्या होत्या. तिथून एक वाटाड्या घेऊन आतल्या धबधब्यापर्यंत चालत जायचं, डबा खायचा आणि ऊन उतरायच्या आत परत. पुष्कर महिनाभर मागं लागला होता, आई, बूट घे, बूट घे. मी म्हटलं, "काचीगुड्याहून बेगम बाजारापर्यंत पायी जाऊन मसाला आणलेली बाई आहे मी. मला नको शिकवू!" आणि पंजाबी ड्रेसवर सँडल घालून निघाले, मागं पट्टा असलेले. तेवढीच काय ती तडजोड.

फाटकाशी वाटाड्यानं तेलुगुत सांगितलं की आत रेंज नाही, परत येईपर्यंत फोन विसरा. सिरीषाचा चेहरा उतरला. ती बाजूला जाऊन वडिलांशी, तिच्या नान्नांशी, बोलत राहिली. ऊन वर यायला लागलं. मी राणीला म्हटलं, "झालं हिचं पुराण सुरू. आता उजाडतं का मावळतं बघ." सिरीषानं लगेच फोन ठेवला, आली, आणि माझ्या खांद्यावरची पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली. "चलेंगे अत्तम्मा?" म्हणाली.

डिसेंबरची सुरुवात होती. वाटेवर सागाची वाळलेली पानं पसरलेली, पाय टाकला की पापड मोडल्यासारखा आवाज. वर माकडं. वाटाड्या आणि पुष्कर पुढं, मग सिरीषा, तिच्यामागं आम्ही दोघी. राणी प्रत्येक आवाजाला माझा दंड धरत होती. मी म्हटलं, "अगं, वाघाला काय पडलंय साठीच्या बाईवर दात झिजवायला?"

"तू अशीच बोलत राहा," राणी म्हणाली, "वाघच गाव सोडून जाईल."

सिरीषाच्या खांद्यांची जराशी हालचाल झाली. हसल्यासारखी. मी म्हटलं, ठेच लागली असेल.

पुढं चढ लागला, तसं पुष्कर आणि वाटाड्या बरेच लांब गेले. सिरीषा आमच्यापुढं चार पावलांवर. राणीनं धापा टाकत विचारलं, "मग अक्का, काचीगुड्याला कधी येणारेत ही दोघं? का घरजावईच झाला आपला पुष्कर?"

मला ती जखम होतीच, तिनं नेमकं तिथं बोट ठेवलं. मी म्हटलं, "येतील गं. म्हातारा गेला की येतील."

"अक्का!"

"अक्का काय? डॉक्टरनं तेव्हाच हात टेकले होते. पण म्हातारा हलायचं नाव घेईना. ना धड जगतोय, ना मरतोय. माझ्या पोराची उमेदीची वर्षं त्याचं हगणंमुतणं काढण्यात चाललीत. मी तर काल श्रीशैलमच्या दिशेनं हात जोडून सांगितलं, मल्लिकार्जुना, सोडव त्याला, आणि त्याच्यापासून आम्हालाही. साठीला हेच मागितलं म्हण मी."

सिरीषा थांबली. खाली वाकली, बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली. आम्ही तिच्या बाजूनं पुढं गेलो. मी जाताना तिच्या पाठीवर थाप मारली आणि हसून म्हटलं, "थक गई क्या बेटा?" तिनं मान हलवली, नाही म्हणून. वर पाहिलं नाही.

थोड्या वेळानं ओढा आला. पाणी घोट्याएवढंच, पण दगड शेवाळलेले. पुष्कर पलीकडं पोचून वाटाड्याबरोबर पुढच्या वळणाआड गेलेला. मी म्हटलं, एवढ्याशा पाण्याला काय घाबरायचं, आणि पाय टाकला तो सरकन दोन दगडांच्या फटीत. घोटा पिरगळला. तोल जाताना ओढणी मागच्या काटेरी झुडपात अडकली आणि माझ्या गळ्याला फास बसला. राणी घाबरून माझा हात धरून ओढायला लागली, त्यानं तो आणखीच आवळला. मी जिवाच्या आकांतानं ओरडले, "ओढू नको, राणे! आधी ओढणी सोडव मागची! आणि पट्टा, सँडलचा मागचा पट्टा काढ! पाय वर नको, मागं घे, मागं!"

राणी कसली सोडवतेय, ती रडायलाच लागली. सिरीषा धावत आली, बुटासकट पाण्यात. आधी माझ्या मागं हात घालून काट्यातली ओढणी सोडवली. मग पाण्यात गुडघे टेकले, चाचपून सँडलचा मागचा पट्टा काढला, आणि माझा पाय वर न उचलता हळूच मागं सरकवला. मी जे, ज्या क्रमानं ओरडले, ते, त्याच क्रमानं. मग काखेत हात घालून मला काठावरच्या खडकावर बसवलं.

श्वास परत आला, मानेवरची आग जरा कमी झाली, तसं माझ्या डोक्यात काहीतरी हललं. मी सिरीषाकडं पाहिलं. ती ओले हात कुडत्याला पुसत होती. मी राणीकडं तोंड करून, अगदी साध्या आवाजात, मराठीत म्हटलं, "घसा कोरडा पडला गं. पाणी कुणाकडंय?"

सिरीषाचा हात पिशवीकडं गेला, आणि अर्ध्यात थांबला.

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी तिच्याकडं. मग तिनं पिशवीतून बाटली काढली, झाकण उघडलं आणि माझ्या हातात दिली.  पुष्करला हाक मारायला पुढं गेली.

मी बाटली तशीच हातात धरून बसले. "म्हातारा गेला की येतील." चार पावलांवर होती ती. नाडी सुटलेली नव्हती तिची.

राणी अजून आपलं "पडली असतीस, डोकं फुटलं असतं" करत होती. मी म्हटलं, "राणे, तिला मराठी कळते."

"कुणाला?"

"सिरीषाला. सगळी कळते."

राणीनं कपाळावर हात मारला. "देवा रे! म्हणजे मघाचं..."

"मघाचं काय घेऊन बसलीस," मी म्हटलं.

कारण मघाचं एकटं नव्हतं. पाय सुजत होता आणि मला एकेक आठवायला लागलं. पहिल्या संक्रांतीला ती हौसेनं काळी चंद्रकळा नेसली होती. मी राणीला म्हटलं होतं, साडी कुठं संपते आणि सून कुठं सुरू होते तेच कळेना. आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. ती तिळगुळाचं ताट घेऊन उभी होती, तीही थोडी हसली. का हसताय म्हणून विचारलं नाही. तेव्हा कळत होतं का नव्हतं, कुणास ठाऊक. पण लकव्याच्या वेळी, पाच वर्षं माझ्या घरात काढल्यावर, नक्की कळत असणार. वडिलांना दवाखान्यात ठेवून ती कपडे बदलायला घरी आली होती. मी तिला ताट वाढलं, एवढं चांगलं केलं, आणि ती समोर बसलेली असताना फोनवर राणीला सांगितलं, "एकदाचा गेला असता तर सुटला असता. आता हे लोढणं माझ्या पुष्करच्या गळ्यात." ती जेवली. ताट घासून पालथं घातलं. "जाती हूँ अत्तम्मा" म्हणून गेली. आणि ती गेल्यावर मी परत राणीला म्हटलं होतं, बाप दवाखान्यात आणि हिला जेवण जातंय बघ!

मला माझी लाज वाटली. किळस आली म्हटलं तरी चालेल. गिऱ्हाईक निदान दुकानातून उठून तरी जाऊ शकत होतं.

पुष्कर आला, मला परत फिरू म्हणाला. मी नको म्हटलं. घोट्याला फडकं बांधलं, काठी घेतली. आता परत फिरले असते तर ह्या सगळ्याला मीच कारण, असं पुन्हा झालं असतं. सिरीषाच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. ती पुढं न जाता माझ्याशेजारी चालायला लागली, उतारावर दंडाला धरून. तिचा हात मला सोडवूनही घेता येईना आणि धरूनही ठेवता येईना.

तिला थोडं पुढं पाठवून मी पुष्करला हळूच विचारलं, "सिरीषाला मराठी कळते का रे?"

"तिला?" तो हसला. "चहा, पाणी, ये, जा. का गं?"

"काही नाही."

म्हणजे त्यालाही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तो माझ्याशी भांडला असता, कदाचित रविवारचंही येणं बंद केलं असतं. इतकी वर्षं तिच्या हातात हे एवढं मोठं हत्यार होतं आणि तिनं ते एकदाही उचललं नाही. मला तिनं उचललं असतं तर बरं झालं असतं, असं वाटत होतं. मी भांडले असते. भांडण मला जमतं.

धबधब्याशी डबे उघडले. पाणी उंचावरून पडत होतं, लोक फोटो काढत होते, राणीसुद्धा गप्प बसून चिंचेचा भात चिवडत होती. सिरीषानं आधी माझं वाढलं. दही-भातातली मिरची वेचून बाजूला काढली, मला पित्त होतं म्हणून. हेही तिला कुणी सांगितलं होतं? मी फोनवर राणीला सांगितलेलं ऐकलं असणार. मी म्हटलं, "बेटा, सुनो."

"जी अत्तम्मा?"

"वो... रास्ते में मैं जो बोली..." पुढं मला हिंदी सुचेना. साड्या विकायची हिंदी माझी. माफी मागायची मी कधी शिकलेच नव्हते, आणि मराठीत मागावी तर जिच्याशी सात वर्षांत मराठीत एक शब्द बोलले नाही तिच्याशी सुरुवात कुठून करू? ती वाट बघत राहिली. मी म्हटलं, "चावल अच्छा है."

"हौ अत्तम्मा," ती म्हणाली आणि ताटली घेऊन दगडावर जाऊन बसली. फोन काढून बघितला. रेंज नव्हतीच. परत ठेवला, परत काढला. तिला कसली काळजी लागलीय ते मला ठाऊक होतं, आणि मग मला खरी धडकी भरली.

आई आम्हाला घरात अभद्र बोलू द्यायची नाही. वास्तू तथास्तु म्हणते, म्हणायची. मी मनाला समजावत होते, इथं कसली वास्तू, नुसती झाडं आहेत. पण मी तर सरळ देवाचं नाव घेऊन मागितलं होतं! आज, हिच्या फोनला रेंज नसताना, तिकडं त्या माणसाला काही झालं तर? ही जन्मभर काय म्हणेल? माझा बाप गेला तेव्हा मी ह्या बाईचा पाय दगडातून सोडवत होते, आणि हिनं तासाभरापूर्वीच त्याचं मरण मागितलं होतं. हे काही पुसता आलं नसतं. पुष्कर तिच्याबरोबर काचीगुड्याला आला असता, नसता, मला त्याचं काहीच वाटेनासं झालं. परतीच्या सगळ्या वाटेवर मी एकच घोकत होते: मल्लिकार्जुना, मी मागितलेलं परत घेते. यादगिरीगारूंना काही होऊ देऊ नकोस. यादगिरी हे नाव, गारू म्हणजे राव. सात वर्षांत त्या माणसाचं नाव मी पहिल्यांदा घेत होते, तेही मनातल्या मनात.

घोटा ठणकत होता. मी मुद्दाम थांबत नव्हते. एकदा तीच म्हणाली, "बैठते क्या दो मिनट?" मी म्हटलं, "नक्को नक्को, चलो. तुमको फोन करना है." तिनं चमकून माझ्याकडं पाहिलं.

फाटकाच्या अलीकडं, रस्ता दिसायला लागला तिथं, तिचा फोन लागोपाठ वाजायला लागला. मेसेज, सुटलेले कॉल. तिनं बघितलं आणि तिचा हात माझ्या दंडावरून सुटला. "केअरटेकर," ती पुष्करला म्हणाली. "सुबह से कित्ते कॉल हैं, देखो."

तिनं फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलेना. पुन्हा लावला. ती तिथंच रस्त्यावर फेऱ्या मारायला लागली. पुष्करनं स्वतःच्या फोनवरून लावला, तोही नुसता वाजला. राणीनं माझा हात धरला. मी चहाच्या टपरीच्या खांबाला टेकले.  मी मनात म्हटलं, आता जर वाईट बातमी आली तर मी हिला तोंड कसं दाखवू? आणि तोंड दाखवायचं सोडा, मी स्वतःबरोबर काचीगुड्याच्या त्या घरात राहू कशी?

तिसऱ्यांदा कुणीतरी उचललं. सिरीषा तेलुगुत भडाभडा बोलायला लागली, मग थांबली, ऐकलं, आणि एकदम टपरीच्या बाकावर बसली. तोंडावर हात.  मग तिनं हात काढला आणि मला दिसलं की ती हसतेय आणि रडतेय, दोन्ही.

"ठीक हैं," ती म्हणाली. "कुछ नहीं हुआ. नान्ना को बात करना था, बस. सुबह से उसके पीछे पड़े थे, फोन लगा, फोन लगा." तिनं डोळे पुसले, ऐकलं, आणि चेहरा बदलला. माझ्याकडं न बघता म्हणाली, "अत्तम्मा, आपसे बात करना बोल रए."

"मुझसे?"

तिनं फोन स्पीकरवर टाकून माझ्यापुढं धरला. लकव्यानं जड झालेली जीभ, शब्द फरफटत येणारे. पण कळत होतं.

"समधनजी! नमस्ते. जंगल देखे? शेर दिखा?"

"नहीं दिखा," मी म्हटलं.

"साठ पूरे हुए आपके, सिरी बोली. मुबारक. सुबह बोलना था, ये लोगां लगाके नहीं दिए." त्यांना दम लागला. थांबले. पलीकडून कुणीतरी पाणी पाजत होतं. "समधनजी, मेरी बच्ची दो साल से मेरे साथ कैद में है. आप उसको बाहर लेके गए, बड़ा काम किए. और एक बात बोलना था मेरे को. मेरी सगी बहन मेरे को नहीं पूछती. आप पूछते. सिरी रोज बोलती, अत्तम्मा पूछ रए थे, नान्ना की तबियत कैसी है बोलके. एक दिन नहीं छोड़े आप. इस उमर में कौन किसको पूछता, समधनजी? मेरे को बहुत अच्छा लगता."

मी सिरीषाकडं पाहिलं. फोन धरलेला तिचा हात स्थिर होता. ती खाली रस्त्याकडं बघत होती.

मी एकदाही विचारलं नव्हतं. दोन वर्षांत एकदाही नाही. माझ्या घरी येऊन ती जे ऐकायची ते तिथंच ठेवायची, आणि उप्पलला जाऊन बापाला हे सांगायची. माझ्या नावानं. रोज.

"समधनजी? आवाज आ रा?"

 पुष्कर म्हणाला, "आई, बोल ना."  "भाईसाब," मी म्हटलं, "आपकी... तबियत कैसी है?" शेवटचा शब्द बाहेर पडेपर्यंत आवाजच उरला नाही.

"हां? क्या बोले?"

सिरीषा माझ्या कानाशी वाकली. पुष्करनं मान वर केली, राणीचा पदर तोंडाशी गेला, कारण सिरीषा मराठीत बोलली. अगदी काचीगुड्याची, माझ्या घरची मराठी, माझाच हेल.

"त्यांना कमी ऐकू येतं, आई. जोरात विचारा."

टपरीवरची माणसं वळून बघायला लागली, इतक्या जोरात मी विचारलं.